अष्टमीची वही

सरांना ‘भरपूर’ हा शब्द चालत नसे. ‘खूप’, ‘बरेच’, ‘थोडेफार’ हे त्याचे भाऊबंदही चालत नसत. वहीत कुणी ‘खेकडे भरपूर’ असं लिहिलं की ते चष्मा कपाळावर चढवत आणि अगदी हळू आवाजात विचारत, “भरपूर म्हणजे किती?” आम्ही म्हणायचो, “सर, खूपच होते.” मग ते आणखी हळू आवाजात विचारत, “खूप म्हणजे किती?” शेवटी आम्ही मुकाट्याने परत चिखलात उतरायचो. भाईंदरच्या बाजारात भाजीवाला “बहुत ताजा है साब” म्हणाला, तर त्यालाही सुटका नव्हती. “बहुत मतलब? कब तोड़ा?” त्या बिचाऱ्याला काय माहीत कधी तोडली ते! तो दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळायचा आणि सर रिकामी पिशवी हलवत घरी जायचे. काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, पुढेपुढे भाजी स्वतःच आणायला लागल्या.

सर आम्हाला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. माणूस परभणीकडचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरीच्या मुलाखतीला आले तेव्हा, आणि तोही नीट पाहिला नाही, कारण मुलाखतीला उशीर होत होता. पोहता येत नव्हतं. मासे खात नव्हते. मासळीच्या टोपल्यांवरून जाताना नाकाला रुमाल. आणि असा हा माणूस नोकरीतली अर्धी वर्षं खाडीच्या चिखलात निवट्या मोजत राहिला. निवटी म्हणजे चिखलावर उड्या मारत चालणारा बोटभर मासा. डोळे डोक्यावर, तोंड सदा आश्चर्याने उघडं. आमच्या वर्गातले दोघे-तिघे हुबेहूब तसे दिसायचे.

मिठागरांच्या पलीकडे, तिवरं जिथे संपतात आणि खाडीचं पाणी जिथे सुरू होतं त्याच्या मधोमध, चिखलाचा एक लांबट पट्टा होता. सरांनी त्यात दहा बांबू रोवले होते, टोकांना लाल रंग दिलेले. प्रत्येक बांबूपाशी चौकट ठेवायची आणि चौकटीच्या आत जे जिवंत दिसेल ते मोजायचं. निवट्या, गोगलगायी, खेकड्यांची बिळं. महिन्यातून दोनदा, असं अकरा वर्षं चाललं. आज तिथे भराव घालून गाड्या लावायची सोय केली आहे. पेव्हर ब्लॉक आहेत, पिवळे पट्टे आहेत, वॉचमनची केबिन आहे. ती जागा गेली त्यात माझा हात आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण शेवटी सांगायची वेळ आली की मी काहीतरी सबब काढीन. माझा स्वभाव मला ठाऊक आहे.

चौकट म्हणजे प्लंबर वापरतात त्या पांढऱ्या पाइपचे चार तुकडे आणि चार कोपरे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद. ती रिक्षात मावत नसे. मग एकाने कडेला बसून ती बाहेर धरायची, नाहीतर सरळ बाजारातून पायी चालायचं, सर पुढे आणि त्यांच्या खांद्यावर ती चौकट. दुकानदारांना रोजची करमणूक झाली होती. “अंकल, खिडकी निकाल के कहाँ ले जा रहे हो?” सर न थांबता सांगत, “खाडी को लगानी है.” आम्ही मुली दहा पावलं मागून, आमचा त्यांच्याशी काही संबंध नाही अशा चेहऱ्याने चालायचो. ओळखीचं कुणी दिसलं तर ओढणी तोंडावर.

शनिवार-रविवार सर मानत नसत, ते अष्टमी मानत. त्याला कारण होतं. पौर्णिमेला आणि अमावास्येला आमच्याकडे दुपारी बाराच्या सुमाराला भरती येते, तीही उधाणाची. अशा वेळी त्या पट्ट्यावर छातीएवढं पाणी असायचं. अष्टमीला सगळं उलट. बाराला ओहोटी, ऊन डोक्यावर, चिखल उघडा पडलेला आणि निवट्या बाहेर. सरांचं घर बावीस प्रतिज्ञा घेतलेलं. शांती नगरच्या त्या दोन खोल्यांत देव नव्हता, धूप नव्हता, उपासतापास नव्हते. पण स्वयंपाकघराच्या दारामागे तिथ्यांचं कॅलेंडर मात्र होतं, आणि त्यात प्रत्येक अष्टमीभोवती पेन्सिलीचा गोल. काकू म्हणायच्या, “माझ्या सासूबाईंनी कधी तिथीवार पाळला नाही, आणि यांना बघ. अष्टमी लागली की पँट दुमडून तयार!” सर शांतपणे म्हणत, “चंद्र काय कुणा एकाच्या घरचा आहे का?” जुनी कॅलेंडरंही ते टाकत नसत. पलंगाखाली त्यांचा गठ्ठा होता आणि काकूंच्या डोक्याला त्याचा ताप होता.

हिवाळ्यात खाडीवर फ्लेमिंगो यायचे. मग बांधावर मोठमोठे कॅमेरे घेऊन माणसं यायची, आणि आमचंही लक्ष तिकडेच. सर मात्र त्या गुलाबी थव्याकडे पाठ करून वाकलेले. एकदा आमच्यातल्या एकाने न राहवून विचारलं, “सर, ते पण मोजूया ना. मस्त दिसतंय.” सर म्हणाले, “ते पाहुणे आहेत. पाहुण्यांची विचारपूस सगळेच करू लागलेत. घरच्यांची कोण करणार?” आणि परत बिळात डोकं.

वहीचे नियम तर सैन्यातले असावेत असे. पेन्सिलीनेच लिहायचं, कारण शाई पाण्याने पसरते. खोडरबर बंद, चुकलं तर एक रेघ मारायची, रेघेखालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात का चुकलं ते लिहायचं. पानांना आधीच नंबर घातलेले, म्हणजे पान फाडायचा मोह नको. नोंद ज्याची त्यानेच लिहायची. दुसऱ्याच्या नोंदीत सर स्वतःसुद्धा एक अक्षर घालत नसत. आणि रकाना रिकामा सोडायचा नाही. काही दिसलं नाही तर शून्य लिहायचं. जाता आलं नाही तर ‘गेलो नाही’ असं लिहायचं. रिकामा रकाना दिसला की सर दुखावायचे, कुणी तोंडावर दार लावावं तसे. शून्यावर मात्र त्यांचं भारी प्रेम. “नाही हे सांगायलासुद्धा जावं लागतंय,” म्हणायचे.

त्या चिखलात आमच्याखेरीज आणखी एकच माणूस नेमाने यायचं. जुन्या गावठाणातली एक मावशी, कासोट्याची साडी नेसून, कमरेला टोपली बांधून निवट्या आणि चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायची. तिला कॅलेंडर लागत नसे. “काय गो पोरींनो, आज भांग हाय, पानी सावकाश चढंल. करा काम,” असं ती लांबूनच ओरडून सांगायची. भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची मंद भरती-ओहोटी. सरांची तिला फार गंमत वाटायची. एकदा तिने विचारलं, “मास्तर, खात न्हाय तं मोजता कशाला?”

“खाल्ल्यावर मोजायला काय राहतं, मावशी?”

“र्‍हातं ना! उद्या परत येतान,” ती म्हणाली आणि हसत पुढे गेली. सरांनी तेही वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.

आता माझी गोष्ट. मी शेवटच्या वर्षाला असताना सरांची आई खूप आजारी झाली आणि ते गावी गेले. जाताना वही आणि चौकट माझ्या हवाली करून गेले. “दोन अष्टम्या तुझ्या,” म्हणाले. पहिल्या अष्टमीला मी दोघांना घेऊन गेले, गुडघाभर चिखलात उभी राहिले आणि सगळं नीट मोजलं. दुसरी अष्टमी आली ती नेमकी कॉलेजच्या ट्रॅडिशनल डेच्या दिवशी. आईची पैठणी, भाड्याचा अंबाडा, नथ. तो अवतार करून चिखलात कोण जाणार? उद्या जाऊ म्हटलं. उद्या गेले नाही. परवाही नाही. नंतर पाणी वाढत गेलं असेल. मी बघायलाही गेले नाही. सर येणार असं कळलं त्या संध्याकाळी मी पलंगावर मांडी घालून बसले, शेंगदाणे खात, आणि ते पान भरलं.

फार विचार करून भरलं. अष्टमीची तारीख टाकता येत नव्हती, कारण त्या दिवशी मला पैठणीत सगळ्या कॉलेजने पाहिलं होतं आणि प्रत्येकाच्या मोबाइलात माझे फोटो होते. म्हणून पुढच्या शनिवारची तारीख टाकली. त्या शनिवारी कॉलेजला सुट्टी होती आणि मी दुपारपर्यंत घरी झोपले होते, म्हणजे साक्षीदार नाही. वेळ नेहमीची, दुपारी बारा. आकडे आधीच्या पानांसारखे, पण अगदी तसेच नाहीत. कुठे दोन वाढवले, कुठे एक कमी केला. आणि सरांना आवडेल म्हणून सहा नंबरच्या बांबूला निवट्यांच्या रकान्यात शून्य लिहिलं. कोण कुठे होतं, कुणी कुणाला पाहिलं, सगळ्याचा मी विचार केला होता. चंद्राचा केला नव्हता. तो शनिवार पौर्णिमेचा होता.

सर आले ते आईला शेवटचं पोचवून आले. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. स्टाफरूममध्ये त्यांनी माझं पान पाहिलं, तारखेकडे त्यांचं लक्षही नव्हतं. बोट आकड्यांवरून खाली येत सहा नंबरवर थांबलं. “शून्य?” ते म्हणाले. “एवढं लांब गेलीस आणि शून्य लिहिलंस. शाब्बास.” सर कुणाला शाब्बास म्हणत नसत. मला त्यांच्याकडून मिळालेली ती पहिली आणि शेवटची शाबासकी. मी ‘थँक्यू सर’ म्हणाले. 

पुढे मी पास झाले, बी.एड. केलं, मीरा रोडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. प्रोबेशनवर होते, कायम व्हायचं होतं. अशात एक दिवस सरांचा फोन आला. खाडीच्या पट्ट्यावर भराव टाकून पार्किंग करायचं ठरतंय. कागदोपत्री लिहिलं होतं की ती जागा म्हणजे नुसता पडीक चिखल आहे, तिथे जतन करण्यासारखं जिवंत काही नाही. कुणाची हरकत असेल तर सुनावणीत पुराव्यासह मांडावी. सरांच्या आवाजात मी कधी न ऐकलेला उत्साह होता. “आपल्याकडं मोजलेलं आहे ना,” ते म्हणत होते. “अकरा वर्षांचं मोजलेलं आहे. ते कसं नाही म्हणतील?” आयुष्यात त्यांनी कुणाकडे काही मागितलं नव्हतं, साधा वर्गातला पंखा दुरुस्त करून घेण्यासाठीही अर्ज केला नव्हता. आणि आता सात वह्या काखेत घेऊन ते सरकारपुढे उभे राहणार होते. त्यांना मनापासून वाटत होतं की एवढं पुरेल.

सुनावणीच्या आदल्या दुपारी मी त्यांच्या घरी गेले. हरकतीच्या फॉर्मवर प्रत्येक नोंदीपुढे त्या वेळची भरती-ओहोटी लिहायची होती. सरांनी पलंगाखालची जुनी कॅलेंडरं काढून फरशीवर पसरली होती. ते तारीख शोधून तिथी सांगत, मी लिहीत होते. अष्टमी, ओहोटी. अष्टमी, ओहोटी. काकू मधूनच डोकावून म्हणाल्या, “बघ, गठ्ठा कामाला आला.” सर लहान मुलासारखे खूश होते. तिसऱ्या वहीत ते थांबले. मला त्यांच्या आधी कळलं होतं. माझं अक्षर मला लांबूनच दिसलं होतं.

“हे पान तुझं आहे.”

“हो सर.”

“ही पौर्णिमा आहे.”

 त्यांनी कॅलेंडर पुन्हा पाहिलं, वही पुन्हा पाहिली. मग स्वतःच्या छातीला हात लावला. “बारा वाजता पाणी इथपर्यंत असतंय. तू कुठं उभी होतीस?”

“मी गेले नव्हते, सर.”

स्वयंपाकघरात काकूंनी नळ बंद केला. सरांनी चष्मा कपाळावर चढवला. “मग तसं लिहायचं ना. ‘गेले नाही.’ दोन शब्द आहेत. कामून नाही लिहिलंस?”

“तुम्ही रागावला असता.”

“रागावलो असतो. मग?”  त्यांचं बोट सरकत सरकत सहा नंबरवर आलं आणि तिथेच राहिलं. “हे शून्यसुद्धा?”

“हो सर.”

बाकी सगळं त्यांनी गिळलं असतं, पण ते शून्य त्यांना लागलं. मला ते दिसलं. मी घाईघाईने म्हणाले, “सर, पान काढून टाकूया ना. कुणाला कळणार आहे?” त्यांनी फक्त पानाच्या कोपऱ्यातल्या नंबरावर बोट ठेवलं. मग पट्टी घेतली, माझ्या नोंदीवर सरळ एक रेघ मारली आणि वही व पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. “शेरा लिही आणि सही कर. उद्या ते विचारतील. कारण लिहिलेलं असलं म्हणजे चूक सुधारली असं दिसतं. नसलं तर लपवलं असं दिसतं.”

मी पेन्सिल हातात घेतली आणि मला ते दोन शब्द लिहिता आले नाहीत. सरकारी टेबलावर जाणाऱ्या वहीत माझ्या अक्षरात, माझ्या सहीने, मी खोटं लिहिलं होतं असं राहणार होतं. शाळेत कळलं तर? घरी कळलं तर? “सर, सकाळी लवकर येऊन लिहिते,” मी म्हणाले. सरांनी पाहिलं माझ्याकडे. त्यांना तेव्हाच कळलं असणार. “बरं,” म्हणाले. “सवडीनं लिही.” त्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

सकाळी मी त्यांच्या घरी गेले नाही. रिक्षा मिळाली नाही असं मी स्वतःलाच सांगितलं आणि परस्पर सुनावणीच्या हॉलवर गेले, तेही उशिरा, आणि शेवटच्या रांगेत बसले.

सुनावणी घेणारे अधिकारी वाईट नव्हते. दमलेले होते एवढंच. त्यांनी आधी मावशीला बोलू दिलं. ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. “समदं हाय तिथं साहेब,” ती सांगत होती. “निवट्या हायत, चिंबोऱ्या हायत. माजी आय तिथंच जायची, मी पन तिथंच जातंय.”

“किती आहेत?” साहेबांनी विचारलं.

“भरपूर हायत.”

“भरपूर असं लिहून घेता येत नाही, मावशी,” साहेब म्हणाले, अगदी नरमाईने. पुढच्या रांगेत सरांनी डोळे मिटून घेतले. मावशीला काय चुकलं ते कळलं नाही. ती आणखी मोठ्याने “भरपूर हायत” म्हणाली आणि खाली बसली.

मग सर उठले. वह्या टेबलावर ठेवल्या. साहेबांनी एक उघडली, दुसरी उघडली, चष्मा काढून पुसला. “हे सगळं मुलांनी केलंय?” त्यांच्या आवाजात कौतुक होतं. पाच मिनिटं मला वाटलं की जमलं. मग पार्किंगच्या बाजूने आलेल्या सल्लागाराने तिसरी वही चाळायला घेतली. त्याचं कामच ते होतं. “सर, ही रेघ कसली आहे?”

साहेबांनी पान पाहिलं. “ही नोंद का रद्द केली? शेरा लिहिलेला नाही.”

“ती नोंद चूक आहे,” सर म्हणाले.

“चूक म्हणजे?”

“त्या दिवशी तिथं कुणी गेलं नव्हतं.”

साहेब पुढे वाकले. “मग लिहिली कुणी?”

“वही माझी आहे, साहेब.”

सरांनी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी उठले असते, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. मी उठले नसते. मी माझ्या पर्सची चेन उघडझाप करत बसले होते.

सल्लागार म्हणाला, “एक पान घरी बसून लिहिलंय, तर बाकीची तशीच लिहिलेली नाहीत कशावरून?” साहेबांनी पेन थांबवून सरांकडे पाहिलं. मला वाटतं त्यांनाही काहीतरी चांगलं उत्तर हवं होतं. सरांनी थोडा विचार केला. “बाकीचे गेले होते,” ते म्हणाले. एवढंच. साहेबांनी लिहून घेतलं की नोंदवह्यांची विश्वासार्हता सिद्ध होत नाही.

लोक म्हणतात, तो पट्टा कसाही जाणारच होता, सात वह्यांनी डंपर थांबत नसतात. असेल. पण मला तो आधार नको. शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द असते तर त्या दिवशी काय झालं असतं, हे कुणालाच कळणार नाही, आणि ते कळू नये अशी व्यवस्था मी केली.

सर मला कधीच काही बोलले नाहीत. मी महिनाभराने तोंड घेऊन गेले तर त्यांनी विचारलं, “चहा घेतेस का?” भराव पडला, ब्लॉक बसले, आणि सर दर अष्टमीला चौकट खांद्यावर टाकून तिथे जातच राहिले. विद्यार्थी आता येत नसत. पेव्हर ब्लॉकवर काय मोजायचं? एकदा मी गेले सोबत. बांबू नव्हते, पण सरांनी पावलं मोजून दहाही जागा शोधून ठेवल्या होत्या. प्रत्येक ठिकाणी चौकट ठेवायची, उकिडवं बसायचं, बघायचं, शून्य लिहायचं. सहा नंबरवर कुणाची तरी गाडी उभी होती. सर कडेच्या कठड्यावर बसून राहिले, मालक येऊन गाडी काढीपर्यंत. पाऊण तास. वॉचमनला दया आली. “कुछ गिर गया क्या साहब?” त्याने विचारलं. सर म्हणाले, “हाँ.” गाडी गेल्यावर त्यांनी तिथेही चौकट ठेवली, नीट बघितलं आणि शून्य लिहिलं.

गेल्या वर्षी त्यांनी घर विकलं. गुडघे गेले होते, परभणीला भावाच्या शेजारी राहायचं ठरलं. सर आधीच पुढे गेले होते, काकू आवराआवर करायला थांबल्या होत्या. त्यांनी मला बोलावून घेतलं. “ह्या वह्या तू ने,” म्हणाल्या. “रद्दीत द्यायला माझा हात होत नाही. आणि ते म्हणाले, तिला दे.” चौकट मात्र सरांनी सोबत नेली होती. आता तिकडे अष्टमीला बारा वाजता ते घड्याळात बघतात म्हणे, आणि परत पेपर वाचायला लागतात.

वह्या कित्येक महिने माझ्या कपाटावर पडून होत्या. माझ्याकडे वह्यांना तोटा नाही. प्रकल्पाच्या दिवसांत घरभर पोरांच्या वह्या असतात. चाळीस पोरांनी चाळीस कुंड्यांत मूग पेरलेले असतात आणि चाळीसही रोपं रोज सारखीच वाढतात, अगदी एकसारख्या चुकांसकट. कुणी कुंडी पाहिलेली नसते, हे मला कळतं. मी सही करते आणि पुढची वही ओढते. रागवायचा मला काय अधिकार, हे एक कारण. आणि दुसरं म्हणजे, खरंच, मी दमून गेले आहे.

अशाच एका रविवारी पोरांच्या वह्या संपल्या आणि मी सरांची शेवटची वही खाली काढली. आठवी. ही भरावानंतरची. शून्य, शून्य, शून्य, पानामागून पान. मग अक्षर बदललं, जरा थरथरलेलं. ‘गेलो नाही. गुडघा.’ पंधरा दिवसांनी पुन्हा, ‘गेलो नाही. गुडघा.’ मग नुसतंच ‘गेलो नाही’, ‘गेलो नाही’, प्रत्येक अष्टमीला, शांती नगर सोडेपर्यंत.

मग मी तिसरी काढली. ते पान शोधावं लागलं नाही, वही आपोआप तिथेच उघडली. कुणीतरी ती तिथे पुष्कळदा उघडली असावी. माझं कोवळं, नीटनेटकं अक्षर. सहा नंबरचं शून्य. पट्टीने मारलेली रेघ. आणि शेवटचा रकाना रिकामा. आठ वह्यांत, इतक्या वर्षांत, रेघ मारलेल्या नोंदीपुढे सरांनी रिकामा ठेवलेला तो एकच रकाना. सुनावणीच्या सकाळी माझी वाट पाहून झाल्यावर त्यांना तिथे स्वतःच्या हाताने दोन शब्द लिहिता आले असते. जागा वाचली असती कदाचित. पण नोंद माझी होती.

मी बराच वेळ रडले. मग पोरांच्या दप्तरातली कुठली तरी राहिलेली पेन्सिल सापडली, तिला टोक केलं आणि त्या रकान्यात लिहिलं, ‘गेले नाही.’ खाली सही केली, तारीख टाकली. मग उठून कॅलेंडरात तिथी पाहिली, आणि तीही लिहिली.